गुरुलक्षणाविना शिष्यलक्षण : ख्रिस्ती शिष्यत्वविषयक ग्रंथांच्या मूल्यमापनाचा प्रश्न

ख्रिस्ती शिष्यत्वावर आणि शिष्य घडविण्याच्या कार्यावर लिहिल्या गेलेल्या ग्रंथांचे मूल्यमापन आजवर मुख्यतः दोन ठिकाणी होत आले आहे. धर्मविद्येच्या महाविद्यालयांत त्यांची सैद्धान्तिक ग्राह्यता तपासली जाते, तर मंडळ्यांच्या व्यवहारात त्यांची उपयुक्तता पाहिली जाते. साहित्यसमीक्षेने मात्र ‘उपदेशपर वाङ्मय’ असा शिक्का मारून हे ग्रंथ बहुधा बाजूलाच ठेवले. ज्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात ‘ज्ञानेश्वरी’ आणि ‘दासबोध’ मध्यवर्ती स्थानी आहेत, त्या भाषेच्या अभ्यासकाला ही उपेक्षा परवडणारी नाही. गुरूने शिष्याला काय द्यावे, शिष्याने गुरूपाशी काय ठेवावे आणि या देवघेवीत ग्रंथाचे काम कोणते, हे प्रश्न मराठी वाङ्मय सात शतके हाताळत आले आहे. या अनुभवाच्या आधारे ख्रिस्ती शिष्यत्वग्रंथांसाठी काही निकष सिद्ध करता येतात का, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या ग्रंथांचे स्थूलमानाने दोन प्रवाह दिसतात. पहिला ‘शिष्य होण्या’चा. पंधराव्या शतकातील ‘इमितातिओ क्रिस्ती’पासून दीत्रिख बोनहोफरच्या ‘नाखफोल्गे’पर्यंतचे ग्रंथ या प्रवाहात येतात. दुसरा ‘शिष्य करण्या’चा. तो विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, हस्तपुस्तिकेच्या रूपाने वाढला आणि तेथून जगभर पसरला. पहिल्या प्रवाहात मुख्य पात्रे दोनच असतात : ख्रिस्त आणि शिष्य. दुसऱ्यात एक तिसरे पात्र प्रवेश करते, ते म्हणजे शिष्य घडविणारा शिष्य. या तिसऱ्या पात्राची मांडणी ग्रंथ कशी करतो आणि त्याच्यावर कोणते बंधन घालतो, यावरून त्या ग्रंथाचा कस लागतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. शब्द आणि त्याचे व्याकरण

नव्या कराराच्या मूळ ग्रीक संहितेत शिष्यासाठी ‘माथेतेस’ हा शब्द येतो. त्याचा धात्वर्थ ‘शिकणारा’ असा आहे. हा शब्द सुमारे २६० वेळा आढळतो, पण तो केवळ चार शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये या पाच पुस्तकांत. पौलाच्या पत्रांत तो एकदाही येत नाही. तेथे अनुकरणाची आणि ‘ख्रिस्ताच्या ठायी’ असण्याची भाषा आहे. म्हणजे ख्रिस्ती जीवनाचे वर्णन ‘शिष्य’ या शब्दावाचून करणारी परंपराही नव्या करारातच आहे. शिष्यत्वाला ख्रिस्ती जीवनाची एकमेव चौकट मानणारे लेखक या वस्तुस्थितीची दखल क्वचितच घेतात.

क्रियापदाची स्थिती याहून अधिक बोलकी आहे. ‘माथेतेउओ’ हे क्रियापद संपूर्ण नव्या करारात चारच वेळा येते. मत्तयाच्या तेराव्या आणि सत्ताविसाव्या अध्यायांतील प्रयोगांत शिष्य झालेल्या व्यक्तीचेच वर्णन आहे. अरिमथाईचा योसेफ हे त्याचे उदाहरण. मत्तयाच्या अखेरच्या अध्यायात आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात मात्र ते सकर्मक आहे : कोणीतरी कोणाला तरी शिष्य करतो. ‘शिष्य करण्या’च्या विशाल ग्रंथसंभाराचा भाषिक पाया या दोन प्रयोगांवर आहे. त्यातही मत्तयाच्या अखेरीस आज्ञार्थी रूप एकच, ‘शिष्य करा’ हे. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकविणे ही तिन्ही कृदन्ते आहेत. शिवाय जे शिकवायचे ते ख्रिस्ताने आज्ञापिलेले. शिकविणाऱ्याचे स्वतःचे असे काही शिकविण्याची मुभा त्या वाक्यात नाही.

भारतीय भाषांत हा शब्द येताना त्याला नवे नातेसंबंध चिकटले. मराठी बायबलने ‘शिष्य’ स्वीकारला, तर हिंदीच्या जुन्या प्रचलित भाषांतराने ‘चेला’. मराठी वाचकाच्या कानाला ‘चेला’ या शब्दात अंधानुकरणाची छटा जाणवते, हिंदीत साधूच्या आखाड्याची आठवण येते. इंग्रजी ‘डिसायपल’ हा शब्द लॅटिनमधील विद्यार्थ्याच्या संज्ञेवरून आला. जर्मन ‘नाखफोल्गे’ व्यक्तीऐवजी मागोमाग चालण्याची क्रिया सांगतो. ‘शिष्य’ या शब्दाचे वेगळेपण असे की तो एकटा उभा राहू शकत नाही. तो उच्चारताच ‘गुरू कोण?’ हा प्रश्न उपस्थित होतो.

मराठी वाक्प्रचारात तर कर्तेपण शिष्याकडे असते. मराठी माणूस ‘गुरू करतो’. अमक्याने तमक्याला गुरू केले, असे म्हटले की निवड, पारख आणि जबाबदारी शिष्याची ठरते. शुभवर्तमानांनी हा संकेत एका अंगाने उलटा केला. योहानाच्या वृत्तान्तात शिष्यांना निवडणारा ख्रिस्त आहे, त्याला निवडणारे शिष्य नव्हेत. दुसऱ्या अंगाने मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात शिष्यांना परस्परांत गुरुपद घेण्याचीच मनाई केलेली आहे, कारण त्यांचा गुरू एकच आहे. ख्रिस्ती शिष्यत्वातील शिष्य पुढे कधीही गुरू होत नाही, तो अखेरपर्यंत शिष्यच राहतो. शिष्य करणाऱ्याचे स्थान म्हणूनच मुळात अवघड आहे. त्याला गुरूचे काम करायचे आहे आणि गुरू व्हायचे नाही. चांगला ग्रंथ ही अडचण लपवीत नाही.

२. दोन पात्रांचे ग्रंथ

टॉमस अ केम्पिसच्या नावाने ओळखला जाणारा ‘इमितातिओ क्रिस्ती’ हा लॅटिन ग्रंथ पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात मठांच्या परिसरात सिद्ध झाला. त्याच्या चार भागांपैकी पहिले दोन उपदेशाच्या सुरात आहेत, तर नंतरच्या दोहोंत ख्रिस्त आणि शिष्य यांचा संवाद आहे. उपदेशकाचा आवाज मागे सरतो आणि शिष्य थेट धन्याशी बोलू लागतो. ग्रंथाचा आशय या रचनेत सामावलेला आहे. मध्यस्थाने वाट दाखवायची आणि मग तेथून दूर व्हायचे. या ग्रंथाच्या मर्यादाही उघड आहेत. त्याचे जग एकांताचे आहे, शेजारी आणि समाज त्यात धूसर आहेत.

या ग्रंथाची भारतीय वाटचाल तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १८८९ मध्ये विवेकानंदांनी त्यातील काही प्रकरणांचा ‘ईशानुसरण’ या नावाने बंगालीत अनुवाद केला आणि प्रस्तावनेत त्यातील वृत्तीचे नाते दास्यभक्तीशी जोडले. ‘इमितातिओ’मधील अनुकरण ‘अनुसरण’ झाले, तेव्हा दुसऱ्यासारखे दिसण्यापेक्षा त्याच्या मागे चालण्याचा अर्थ पुढे आला. बाप्तिस्मा न घेतलेल्या वाचकाला हा ग्रंथ इतका आपला वाटावा, यावरून त्याचा वाचक कोणत्याही संस्थेच्या सभासदत्वाने बांधलेला नाही, हे स्पष्ट होते.

साधू सुंदरसिंग यांचा मूळ उर्दूत लिहिलेला आणि १९२२ मध्ये ‘अ‍ॅट द मास्टर्स फीट’ या नावाने इंग्रजीत आलेला छोटा ग्रंथही संवादरूप आहे. शिष्य शंका विचारतो, प्रभू दृष्टान्तांनी उत्तर देतो. हे दृष्टान्त निसर्गातून आणि रोजच्या व्यवहारातून आलेले आहेत. पाश्चात्त्य भक्तिग्रंथाचा संवाद आणि भारतीय प्रश्नोत्तररूप उपदेश यांचा मेळ येथे सहज बसला आहे. तथापि या ग्रंथातील शिष्याची शंका फार लवकर शमते. ‘इमितातिओ’तील शिष्य एकच दुःख पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्याला मिळणारे उत्तर प्रत्येक वेळी पुरेसे ठरत नाही. सुंदरसिंगांच्या शिष्याला समजूत पटते. शंकेला किती काळ जिवंत ठेवले आहे, हाही या प्रकारच्या ग्रंथांचा एक निकष मानला पाहिजे.

मराठीत ही रचना पूर्वीच अवतरली होती. टॉमस स्टीफन्सच्या १६१६ मध्ये रायतूर येथे छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त पाद्री-गुरू कथा सांगतो आणि श्रोते त्याला प्रश्न विचारतात. येथे मात्र मध्यस्थ दूर होत नाही. तो पुराणिकाच्या आसनावर बसलेला आहे आणि प्रश्नांची अंतिम उत्तरे त्याच्याजवळ आहेत. तिसऱ्या पात्राचा प्रश्न मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभापासूनच उपस्थित होता, असे यावरून म्हणता येते.

३. मध्ये उभा असलेला ख्रिस्त

बोनहोफरचा ‘नाखफोल्गे’ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. नाझी सत्तेपुढे झुकलेल्या चर्चला विरोध करणाऱ्या गटासाठी फिंकेनवाल्डे येथे तो धर्मसेवकांचे प्रशिक्षण चालवीत होता, त्या काळातील अध्यापन या ग्रंथामागे आहे. त्याच वर्षी गेस्टापोने ती संस्था बंद केली. तत्पूर्वी भारतात येऊन गांधींच्या आश्रमातील सामूहिक जीवन पाहण्याची त्याची इच्छा होती आणि १९३४ मध्ये गांधींनी त्याला तसे निमंत्रणही पाठविले होते. ती भेट घडली नाही. गिरिप्रवचनावरील दीर्घ भाष्य हे या ग्रंथाचे हृदय आहे. स्वस्त कृपा आणि मोलाची कृपा हा त्यातील भेद सर्वज्ञात झाला आहे. १९४८ च्या इंग्रजी अनुवादाने तर शीर्षकातच ‘किंमत’ हा शब्द घातला. त्यामुळे मूळ शीर्षकातील साधी, चालण्याची क्रिया हरवली आणि ग्रंथाची कीर्ती त्यागाचा ग्रंथ म्हणून अधिक पसरली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या ग्रंथातील दुसरा एक विचार अधिक मोलाचा आहे. ख्रिस्ताची हाक आली की माणसाचे इतरांशी असलेले थेट संबंध तुटतात आणि ख्रिस्त दोन माणसांच्या मध्ये उभा राहतो, असे बोनहोफर मांडतो. भारतीय गुरुपरंपरेत गुरू हा शिष्य आणि परमतत्त्व यांच्यामधला दुवा असतो. बोनहोफरने ही आकृती फिरविली आहे. त्याच्या मते परमतत्त्वच माणूस आणि माणूस यांच्यामध्ये असते, म्हणून एका माणसाला दुसऱ्यावर थेट ताबा मिळविता येत नाही. १९३९ च्या ‘गेमाइन्झामेस लेबेन’ या पुस्तकात त्याने सामूहिक जीवनाच्या संदर्भात हाच विचार पुढे नेला आणि दुसऱ्याला आपल्या साच्यात ओतू पाहणाऱ्या प्रेमाविषयी सावध केले.

शिष्यत्व आणि पौलाची भाषा यांतील अंतराचीही बोनहोफरला जाणीव आहे. ग्रंथाच्या उत्तरार्धात तो बाप्तिस्मा आणि चर्च यांच्या चर्चेतून ते अंतर भरून काढू पाहतो. हा भाग गिरिप्रवचनावरील भाष्याइतका जिवंत नाही, पण प्रश्न टाळलेला नाही. पुढे १९४४ मध्ये तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या या पुस्तकातील धोके आता दिसतात, तरीही त्यातील प्रतिपादनावर आपण ठाम आहोत, असे नमूद केले. एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी देण्यात आली. त्याच्या मृत्यूचे तेज ग्रंथावर पसरल्यामुळे समीक्षेला संकोच वाटतो, हे खरे. परंतु लेखकाच्या हौतात्म्याने ग्रंथाचे सर्व युक्तिवाद सिद्ध होत नाहीत, आणि खुद्द लेखकाने त्या ग्रंथाकडे पुन्हा चिकित्सकपणे पाहिले असताना वाचकाने तसे न पाहणे योग्य ठरणार नाही.

४. योजना, गुणाकार आणि मेंढपाळ

रॉबर्ट कोलमनचा ‘द मास्टर प्लॅन ऑफ इव्हँजेलिझम’ १९६३ मध्ये आला आणि ‘शिष्य करण्या’च्या प्रवाहाचा आदर्श ठरला. येशूने लोकसमुदायांपेक्षा थोड्या माणसांवर भर दिला, हे त्याचे मुख्य सूत्र. निवड, सहवास, समर्पण, आत्मदान, प्रात्यक्षिक, कामाची सोपवणूक, देखरेख आणि पुनरुत्पादन अशा आठ तत्त्वांत तो शुभवर्तमानांची मांडणी करतो. पुस्तक छोटे, नेटके आणि संहितेशी निष्ठावान आहे. गर्दीवर मोहित झालेल्या प्रचारकांना त्याने सहवासाचे मोल शिकविले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

त्याचे वाङ्मयीन वैगुण्य मात्र याच नेटकेपणात आहे. कथनाची योजना केली की कथनातील अपयश गळून पडते. मार्काच्या शुभवर्तमानातील शिष्य वारंवार चुकीचे समजतात, झोपी जातात, पळून जातात. पेत्र नाकारतो, यहूदा विकतो. प्राचीन हस्तलिखितांत मार्काचा वृत्तान्त भयाने गप्प राहिलेल्या स्त्रियांपाशी संपतो. प्रत्यक्ष ख्रिस्ताच्या सहवासात राहूनही शिष्य कोसळले, हा या कथनाचा गाभा आहे. आठ तत्त्वांच्या क्रमात हे कोसळणे तात्पुरती अडचण म्हणून उरते. ज्या पद्धतीने स्वतः गुरूलाही हमखास यश मिळाले नाही, ती पद्धत त्याच्या अनुयायांनी हमीने कशी वापरावी, या प्रश्नाला ग्रंथात पुरेशी जागा नाही.

‘पुनरुत्पादन’ हा कोलमनचा अखेरचा शब्द या प्रवाहाची दिशा दाखवितो. १९३३ मध्ये ‘नॅव्हिगेटर्स’ ही संघटना स्थापन करणाऱ्या डॉसन ट्रॉटमनच्या १९५५ मधील प्रसिद्ध व्याख्यानाचे शीर्षकच ‘बॉर्न टू रिप्रोड्यूस’ असे आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील चार पिढ्यांचा उल्लेख हा या विचाराचा आधार : पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि त्यांच्याकडून शिकणारे इतर. भारतीय वाचकाला येथे गुरुपरंपरा ओळखू येते. फरक इतकाच की परंपरा मागे पाहून ऋण सांगते, तर ही पुस्तके पुढे पाहून संख्या मोजतात.

अधिकाराचा धोका या मोजणीपेक्षा गंभीर आहे. अर्जेंटिनातील हुआन कार्लोस ऑर्टिझ यांच्या १९७५ मधील ‘डिसायपल’ या पुस्तकात प्रभुत्व आणि आज्ञाधारकता यांवर जोर आहे. त्याची शैली चुरचुरीत असून चर्चच्या सुखासीनतेवरील त्याची टीका मर्मभेदक आहे. पण त्याच दशकात फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथून पसरलेल्या ‘शेफर्डिंग’ चळवळीत, जिच्या वर्तुळांत ऑर्टिझ यांच्या विचारांचा प्रभाव होता, शिष्याने आयुष्यातील मोठे निर्णय आपल्या ‘मेंढपाळा’च्या अधीन करावेत अशी अपेक्षा रूढ झाली. त्यातून घडलेल्या अन्यायांबद्दल या चळवळीतील एक प्रमुख, बॉब ममफर्ड यांनी पुढे जाहीर खेद व्यक्त केला. ग्रंथाचा दोष अनुयायांवर ढकलून येथे भागत नाही. शिष्याने काय करावे हे ज्या पुस्तकात विस्ताराने सांगितले आहे, त्यात शिष्य करणाऱ्याने काय करू नये हे किती पाने सांगितले आहे, हे मोजणे समीक्षकाचे काम आहे.

या प्रवाहातील सर्वच पुस्तके एका मापाने मोजता येणार नाहीत. उत्तर भारतातील भोजपुरी भाषिक प्रदेशातील कामाची पार्श्वभूमी असलेले डेव्हिड वॉटसन आणि पॉल वॉटसन यांचे ‘कंटेजियस डिसायपल मेकिंग’ (२०१४) शीर्षकात संसर्गाचे रूपक वापरते. मानवी स्वातंत्र्याच्या दृष्टीने ते अस्वस्थ करणारे आहे, कारण संसर्ग झालेल्या माणसाने काहीही निवडलेले नसते. प्रत्यक्ष पद्धत मात्र उलट दिशेची आहे. गटाने संहिता स्वतः वाचावी, मार्गदर्शकाने प्रवचन न देता प्रश्न विचारावेत, असा तिचा आग्रह आहे. तिसऱ्या पात्राला येथे लगाम आहे. रूपक आणि पद्धती यांतील ही विसंगती पुस्तकाला सुटलेली नाही. याउलट यूजीन पीटरसनने १९८० च्या ‘अ लाँग ओबीडियन्स इन द सेम डायरेक्शन’मध्ये शीर्षकाचे शब्द नीत्शेकडून घेतले आणि आरोहणाची पंधरा स्तोत्रे वाचत शिष्यत्वाला यात्रेच्या संथ काळात नेऊन ठेवले. अमेरिकी मातीतल्या या पुस्तकाशी वारी जाणणाऱ्या वाचकाचे सूत लवकर जुळेल.

भारतात ‘शिष्य करणे’ या क्रियापदाला कायद्याचीही बाजू आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लाउस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७७ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या घटनादत्त अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार अंतर्भूत नाही, असे ठरविले. त्या निवाड्याबद्दल मतभेद आहेत आणि राहतील. पण वादाचा केंद्रबिंदू व्याकरणाच्या परिभाषेत सांगता येतो : माणूस या क्रियापदाचा कर्ता आहे की कर्म? परदेशी हस्तपुस्तिकांची भारतीय भाषांतरे हा प्रश्न बहुधा मनात न आणताच केली जातात.

५. दासबोधाचा निकष

‘दासबोधा’च्या पाचव्या दशकात दुसरा समास गुरुलक्षणाचा आणि तिसरा शिष्यलक्षणाचा आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. गुरूची गरज निःसंदिग्धपणे सांगणारे रामदास शिष्याला त्याचे कर्तव्य सांगण्याआधी त्याच्या हाती गुरूची परीक्षा देतात आणि साधनाला न लावणाऱ्या, इंद्रियदमन न करविणाऱ्या गुरूचा त्याग करावा, असेही बजावतात. गुरुमाहात्म्य आणि गुरुपरीक्षा येथे एकत्र नांदतात. ख्रिस्ती शिष्यत्वाच्या बहुसंख्य हस्तपुस्तिकांत शिष्यलक्षण सविस्तर आढळते, गुरुलक्षण आढळत नाही. याचे एक सयुक्तिक कारण आहे. गुरू एकच आणि तो ख्रिस्त, अशी भूमिका असल्यावर त्याची परीक्षा कोणी करावी? परंतु व्यवहारात शिष्यासमोर बसलेला असतो तो माणूस. त्याला गुरू म्हणायचे नाही म्हणून त्याची लक्षणेही सांगायची नाहीत, अशी पळवाट त्यातून तयार होते. नाव नाकारलेले पद अधिक अनिर्बंध होते.

एम. थॉमस थंगराज यांच्या ‘द क्रुसिफाइड गुरू’ (१९९४) या ग्रंथाने तमिळ शैव परंपरेच्या आधारे ‘गुरू’ ही संज्ञा ख्रिस्तासाठी वापरून पाहिली. तो ग्रंथ धर्मविचाराचा असला, तरी त्याचे शीर्षक शिष्यत्वग्रंथांना एक कसोटी पुरविते. ज्याचा गुरू क्रूसावर आहे, त्याच्या वतीने शिष्य करणाऱ्याला सिंहासन कसे मिळेल?

महाराष्ट्रात या प्रश्नाला कृतीने भिडण्याचा प्रयत्न नारायण वामन टिळकांनी केला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी दोन दशकांहून अधिक काळानंतर, १९१७ मध्ये, मिशनपासून वेगळे होऊन ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांना एकत्र स्थान होते. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि प्रयोग अपुरा राहिला. शिष्यत्व आणि सभासदत्व यांतील भेद मात्र त्याने मराठीत कायमचा नोंदविला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’चा उल्लेखही येथे आवश्यक आहे. ते पुस्तक शिष्यत्वग्रंथ म्हणून लिहिले गेले नाही. तरीही पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतः बाप्तिस्मा घेणाऱ्या या स्त्रीचा मार्ग सोवळ्याओवळ्याच्या, रागाच्या, विनोदाच्या आणि स्वतःच्या विचाराच्या वाटेने जातो. कोणत्याही आठ तत्त्वांत तो बसत नाही. शिष्य होणे ही प्रक्रिया माणसाच्या आत कशी घडते, याचे इतके प्रामाणिक दर्शन हस्तपुस्तिकांत क्वचितच मिळते.

या विवेचनातून तीन निकष हाती येतात. ग्रंथातील शिष्य क्रियापदाचा कर्ता राहतो का? शिष्याच्या शंकेला आणि अपयशाला ग्रंथात खरी जागा आहे का? आणि शिष्य करणाऱ्याची परीक्षा घेण्याचे साधन ग्रंथ वाचकाच्या हाती देतो का? ‘इमितातिओ’ दुसऱ्या निकषावर उजवा ठरतो. तिसऱ्या निकषाला तो मध्यस्थाला बाजूला सारून उत्तर देतो, पण त्यासाठी समाजही बाजूला सारतो. ‘नाखफोल्गे’ तिसऱ्याचा तात्त्विक पाया घालतो. कोलमनचा ग्रंथ सहवासाचे मोल सांगून अपयशापाशी थबकतो. ऑर्टिझ यांचा ग्रंथ वाचकाला जागे करतो आणि जागे झाल्यावर त्याला निःशस्त्र ठेवतो. हे निकष ख्रिस्ती ग्रंथांपुरते मर्यादित मानण्याचेही कारण नाही. गुरूचे माहात्म्य सांगून गुरूची परीक्षा विसरणारी पुस्तके आज सर्वच धर्मसंप्रदायांत निघत आहेत, आणि ‘दासबोधा’तील त्या दोन समासांचा क्रम त्यांनाही तितकाच लागू आहे.